हेलिपॅडवरचा मांडव

संघपाल खोब्रागडे हवाई दलातून निवृत्त झालेत, हे सिंदेवाहीत सगळ्यांना ठाऊक होतं. उभी नोकरी त्यांनी विमानांच्या टायरांत हवा भरण्यात काढली, हे ते स्वतःहून सांगत नसत. कोणी विचारतही नसे. हवाई दल म्हटल्यावर लोक त्यांना परस्पर विमानात बसवून मोकळे होत, आणि बसवलेल्या माणसाने उतरायचं कशाला?

'झाडीवाणी' या गावरेडिओवर दर गुरुवारी दुपारी त्यांचा 'गगनभरारी' नावाचा कार्यक्रम लागे. विषय विमानविद्या. पहिली पंधरा मिनिटं ते बोलत आणि पुढची पंधरा मिनिटं श्रोते फोन करत. श्रोत्यांना अर्थातच विमानाचं काही विचारायचं नसे. "सायेब, धानाचा बोनस कधी जमा होईन?" "आमची तांबडी गाय कालपासून घरी नाई आली, जरा सांगून द्या ना." एकदा एकाने विचारलं, विमानातून रानडुकरं दिसतात का? संघपाल आनंदले आणि उंची, ढग, दृश्यमानता असं सविस्तर सांगू लागले. तेवढ्यात त्याने विचारलं, "मंग आमच्या वावरावर एक चक्कर माराले किती घ्यान?"

केंद्रप्रमुख नूतन मेश्राम हे सगळं काचेपलीकडून पाहत असत. एका गुरुवारी त्यांनी संघपालांना चहा पाजला. नूतनबाई कधी कोणाला चहा पाजत नसत, त्यामुळे संघपाल घाबरले.

"सर, वरून विचारणा झाली," त्या म्हणाल्या. "विमानाच्या कार्यक्रमात विमानाचा प्रश्न का येत नाई? पुढच्या महिन्यापासून ही वेळ धानावरच्या तुडतुड्याले द्या म्हणतात."

"तुडतुड्याले?"

"तोही उडतेच, सर."

संघपालांनी चहा अर्धा ठेवला. घरी त्यांचं ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. मुलगी संघप्रिया नागपूरला असते, ती फोनवर "हो बाबा, हो बाबा" म्हणत भांडी घासते. आठवड्यातला हा अर्धा तास तेवढा त्यांचा होता. तो एका किड्याला द्यायचा?

पण दैव म्हणा, योगायोग म्हणा, शेवटचे दोन गुरुवार उरले असताना पिपरटोल्याचे सरपंच देवराव यांचा फोन आला. गावच्या नव्या पुलाच्या उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते, आणि तेही हेलिकॉप्टरने. बांधकामवाले गोल आखून, चुन्याने इंग्रजी एच काढून गेले होते.

"आता आमी काय कराव, ते तुमी सांगा," देवराव म्हणाले. "हेलिकाप्टरचे पाव्हणे आमच्याकडं पयल्यांदाच येऊन राह्यले."

संघपालांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. रेडिओवर ते पुस्तकी बोलत. त्यांनी सगळं सांगितलं. मैदानावर पाणी शिंपडावे, नाहीतर धूळ उडेल. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून धूर करावा. कागद, पत्रे, पऱ्हाटीच्या काड्या, काहीही सुटे ठेवू नये, जे असेल ते घट्ट बांधावे. गुरे लांब ठेवावीत. पाव तास सांगून झाल्यावरही त्यांना आणखी सांगावंसं वाटत होतं, पण वेळ संपली. काचेपलीकडे नूतनबाईंनी अंगठा दाखवला. पुढच्या गुरुवारी साहेबांच्या आगमनाचं धावतं वर्णन संघपालांनी पिपरटोल्यातून मोबाइलवर करायचं ठरलं. ते रंगलं तर कार्यक्रम राहणार होता.

गुरुवारी ते मोटरसायकलने निघाले. रस्ता असा होता की मोटरसायकल कमी आणि संघपाल जास्त चालले. हा रस्ता झाल्याचं गेल्या वर्षी साहेबांनीच जाहीर केलं होतं. तेव्हाही ते हेलिकॉप्टरनेच आले होते, शेजारच्या गावी.

पोहोचायला उशीर झाला. मैदानावर सडा पडला होता. धूर वाऱ्याबरोबर शिस्तीत चालला होता. गुरं लांब होती. आणि बरोबर एचच्या डोक्यावर, जांभळीच्या हिरव्यागार डाहाळ्यांनी शाकारलेला भला मोठा मांडव उभा होता. त्याच्या सावलीत बंदोबस्ताचे दोन पोलीस टोपी काढून बसले होते.

"देवरावभाऊ, हे काय हो?"

"मांडव," देवराव म्हणाले. "काल तपासणीवाले आले तवा नव्हता. रातच्याला डाहाळ्या तोडल्या, सकाळी टाकला. इतक्या उन्हात पाव्हण्याले उघड्यावर उतरवाव का? पोलीस पण म्हनले, मस्त झालं."

"अहो, पण ते वरून येतात ना!"

"येऊ द्या ना. घट्ट बांधला, तुमी सांगतलं तसा. एक डाहाळी हालनार नाई."

"काढा लवकर!"

आता मात्र देवरावांचा चेहरा बदलला. "पाव्हना दारात, नि मांडव मोडाचा? काहीबी बोलता का भाऊ? लोक काय म्हनतीन?" जमलेल्या बायांमधून गिरजाबाई नावाची म्हातारी पुढे आली. "नि तुमी सगळंच सांगतलं होतं रेडिओवर. वर मोकळं ठेवा, असं कुठी म्हनलं?"

संघपालांनी आठवून पाहिलं. खरंच म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात आकाशात घरघर झाली आणि कानाशी धरलेल्या मोबाइलवर नूतनबाई म्हणाल्या, "सर, सुरू करा."

"श्रोतेहो," संघपाल म्हणाले, "हेलिकॉप्टर आता आपल्या डोक्यावर आले आहे. ते घिरटी घालत आहे. खाली... खाली पिपरटोल्याने पाहुण्यांसाठी सावलीची उत्तम व्यवस्था केली आहे. हेलिकॉप्टर पुन्हा घिरटी घालत आहे. वैमानिक विचार करत असावा. श्रोतेहो, हेलिकॉप्टर निघून गेले आहे."

ते तालुक्याच्या मैदानावर उतरलं. साहेब तिथून जीपने आले, स्वतः जाहीर केलेल्या रस्त्यावरून. पोहोचले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या कपड्यांचा रंग सांगता येत नव्हता. मांडवात बसून ते तांब्याभर पाणी प्यायले, कंबर धरून त्यांनी फीत कापली आणि भाषणात ते चुकून खरं बोलले: "हा काय रस्ता आहे?" चारच दिवसांत खडीचे ट्रक आले.

शेवटच्या गुरुवारी संघपाल निरोपाचं भाषण लिहून घेऊन गेले होते. काचेपलीकडे तुडतुड्यांचे तज्ज्ञ आधीच येऊन बसले होते. फोनची वेळ झाली आणि घंटी वाजली.

"मी मुलचेऱ्याकडून मुखरू बोलून राह्यलो. पिपरटोल्याचं आमच्याइथवर आलं कानावर. आमच्याकडं पुढच्या महिन्यात साहेब येऊन राह्यले, हेलिकाप्टरनं. आमचा रस्ता पण तसाच हाये. मले सांगा, मांडव केवढा पाह्यजे? ल्हान असला तं बाजूले उतरन ना ते?"

संघपालांनी काचेकडे पाहिलं. नूतनबाईंनी तुडतुड्यांच्या तज्ज्ञांकडे पाहिलं, त्यांच्यापुढचा चहा जरा बाजूला सरकवला आणि संघपालांना खूण केली की, चालू द्या. बाहेर दुसरा फोन वाजत होता.

संघपालांनी निरोपाचा कागद घडी करून खिशात घातला. प्रश्न विमानविद्येचा होता, यात वादच नव्हता.

"मुखरूभाऊ," ते म्हणाले, "सुरक्षिततेच्या दृष्टीने प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आधी मला सांगा, तुमचे मैदान केवढे आहे?"