हजेरीबुकातला अंगठा

चौऱ्याण्णव साली धरमतरच्या खाडीत सापडलेलं प्रेत आपल्याच नवऱ्याचं, हे बायजाला पायाच्या करंगळीवरून कळलं. तोंड खेकड्यांनी ठेवलंच नव्हतं. करंगळी मात्र तीच, मिठागरात फळीखाली चेंगरून वाकडी झालेली. चार दिवस बेपत्ता असलेला पुंडलिक असा भेटला. आता त्याला गावच्या मसणात नेऊन अग्नी द्यायचा, एवढंच तिला हवं होतं.

पेणचा हवालदार दिनानाथ भला माणूस, पण कायद्याचा. "वाकड्या करंगळ्या ढीगभर असतात, बाय. पुरावा लागतो."

मूठ मिटलेली, म्हणून प्रेताचा अंगठा शाबूत होता. त्याचा ठसा घेतला. मिठागराची हजेरीबुकं मागवली. अलीकडच्या पानांवर नुसते डाग, स्पष्ट ठसा मिळाला तो बारा वर्षांपूर्वीच्या बुकात. दोन्ही तपासायला गेले. प्रेत तोवर ठेवणार कुठे? बेवारस म्हणून खाडीकाठी पुरलं. महिन्यानं निकाल आला: ठसे जुळत नाहीत, हा पुंडलिक नव्हे.

 जुळणार कसे, कपाळ! बुकातला अंगठा पुंडलिकाचा होताच कुठे? तो गडी पहाटे उठेल तर शप्पत, मिठात हात घालायचा तोही कधीमधी. खाडा पडू नये म्हणून लग्नाच्या सालापासून त्याच्या नावापुढे बायजाच अंगठा उठवायची. मिठागरातल्या बायका नवऱ्यांना असंच सांभाळून घेतात, मुकादमही कानाडोळा करतो.

तडक पेण गाठून तिनं सांगून टाकलं, "सायब, तो अंगठा माजा हाय. माजीच चूक. माजा मानूस मला द्या."

दिनानाथनं लगेच तिचा ठसा घेतला. कागदावर शाईचा नुसता गोळा उमटला. दोनदा पुसून पुन्हा घेतला, तेच. बारा वर्षांच्या मिठानं अंगठ्याच्या रेघा खाऊन टाकल्या होत्या.

"खोटं नाय बोलत तू, कळतंय मला," तो कळवळून म्हणाला, "पण कागदावर काय लिहू?"

ती घरी आली, तर ठमाबाई शेजारीण कुंकवाचा करंडा घेऊन दारातच. "नशिबाची गो तू! तुजा दादला जिता हाय, सरकारच सांगतंय!" तिनं बायजाच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं. बायजाला हुंदका आवरेना.

"रडू नको गो, येल तो."

आळीतल्या चार बायकाही तेच म्हणाल्या. सगळं गाव पुंडलिकाच्या वाटेकडे डोळे लावून बसलं. वाट न बघणारी ती एकटीच होती.