पूर्वीचे आजार: नाही

स्पृहाने तिसऱ्यांदा मोजून पाहिलं. आकडा काही बदलला नाही. स्टेम सेलमधून निघालेले एक्सोसोम ज्या डिशमध्ये घातले होते, तिथल्या कॅन्सरच्या पेशी दुपटीने वाढल्या होत्या. एक्सोसोम म्हणजे एका पेशीने दुसरीला धाडलेली इवलीशी पुडी. आत निरोप असतो: वाढ, भरून काढ. झिजलेल्या गुडघ्याला तो मानवेलही. कॅन्सरच्या पेशीला मिळाला तर तीही आज्ञाधारकपणे वाढते.

एवढा ठळक निष्कर्ष हाती आल्यावर एरवी तिने लॅबभर पेढे वाटले असते. आज तिने आधी घड्याळ पाहिलं. हेच एक्सोसोम कोथरूडच्या एका क्लिनिकमध्ये तिची आई, आनंदीबाई, गुडघ्यात घेत होती. दोन इंजेक्शनं झाली होती, तिसरं आज साडेअकराला. आणि सात वर्षांपूर्वी आईचा डावा स्तन कॅन्सरमुळे काढला होता.

क्लिनिकला हे माहीत नव्हतं. त्या वर्षी स्पृहाचं लग्न ठरत होतं. आईला कॅन्सर म्हटल्यावर स्थळं पाठ फिरवणार, म्हणून घरात अळीमिळी गुपचिळी. आई नाशिकला मावशीकडे गेलीय, असं सांगून ऑपरेशन उरकलं. पुढे प्रत्येक फॉर्मवर 'पूर्वीचे आजार: नाही'. क्लिनिकचा फॉर्म तर स्पृहानेच भरला होता, सवयीने. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या बाईने! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आई फोन उचलेना. स्पृहाने स्कूटर काढली. प्रत्येक सिग्नल लाल लागला आणि प्रत्येक सिग्नलला तिने स्वतःला शिव्या घातल्या.

ती पोचली तेव्हा डॉक्टरांच्या हातात सिरिंज होती. आई टेबलावर आडवी. शेजारच्या खुर्चीत स्पृहाच्या सासूबाई. दोघी विहिणी इथे जोडीने येत. स्पृहाचा चेहरा बघून आईने ओळखलं आणि डोळ्यांनीच बजावलं, यांच्यासमोर नको.

"थांबा," स्पृहा म्हणाली. "फॉर्म मी चुकीचा भरलाय. आईला स्तनाचा कॅन्सर झाला होता."

डॉक्टरांनी सिरिंज खाली ठेवली.  सासूबाईंनी उठून विहिणीची साडी घोट्यापर्यंत नीट केली.

"लपवायचं तर आमच्यापासून लपवायचंत," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांपासून कशाला?"

शेवटची तपासणी कधी केली, डॉक्टरांनी विचारलं. पाच वर्षांपूर्वी, आई पुटपुटली. कॅन्सरच्या हॉस्पिटलात ओळखीचं कुणी भेटेल, अशी भीती वाटायची.

"हल्ली काखेत, छातीवर काही हाताला लागतं का?"

"नाही," आई म्हणाली. फॉर्मवर लिहायची तितक्याच झटकन. पण पदर तिने घट्ट ओढून घेतला आणि स्पृहाकडे पाहिलं नाही.