धीर धरायला सांगणारं वाक्य

“शाळेत होतास तेव्हाही असंच करायचास. प्रश्न अर्धा वाचायचा आणि पेन सुरू.”

“आणि तुम्ही तेव्हाही अशाच मानेवर येऊन उभ्या राहायचात,” एडिसन म्हणाला. “सरका जरा, बाई. उजेड अडतोय.”

नेलिदाबाई सरकल्या नाहीत. काखेत थर्मास, हातात माते या कडसर पाल्याच्या चहाचं भांडं, आणि नजर रेडिओच्या कम्प्युटरवरच्या त्या एका ओळीवर. ओळ सकाळपासून तीच होती: “साधन सध्या दुसऱ्या कामात आहे. कृपया थोडा धीर धरावा.”

धीर धरून झाला होता. मागच्या रविवारीही धरला होता. पायसांदू शहराच्या त्या टोकाच्या मैदानावर सुल्मा बिचारी पहिल्यांदाच, पंचेचाळीस मिनिटं घसा फोडून सामन्याचं वर्णन करत होती, आणि इकडे वस्तीच्या ‘तेरो रेडिओ’वर त्यातला एक शब्द पोचत नव्हता. वस्तीतले लोक जुनी गाणी ऐकत बसले. मध्यंतरात कोणीतरी सुल्माला सांगितलं, तेव्हा तिने माइक खाली ठेवला. आणि तोंड पुसलं. तोवर मैदानावर पोचलेल्या एडिसनने ते पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याचं डोकं तापलेलंच होतं.

आठ वर्षं सुल्मा रेडिओवर औषधांच्या दुकानांच्या वेळा वाचत होती. सामना बोलायला बाईमाणूस कशाला, असं रेडिओच्या समितीतल्या निम्म्यांना वाटायचं. आता त्यांना आयतं कारण सापडलं होतं. आजही आवाज आला नाही तर पुढच्या रविवारपासून माइक दुसऱ्याकडे, असं त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं. सामना चारला. घड्याळात पावणेतीन.

एडिसनने कम्प्युटर तीनदा बंद करून चालू केला होता. वायरी बदलल्या होत्या. एक वायर रागाने भिंतीवर मारली होती, ती मारल्यावर जास्तच नीट चालायला लागली, पण ओळ काही हलली नाही.

तेव्हा त्याने घरून आपली डिस्क आणली. वस्तीत इंटरनेट धड नव्हतं त्या काळापासून तो तिच्यात जगभरच्या फुकट प्रोग्रामांचा कोड साठवत आला होता. चारेक हजार प्रकल्प, त्यांच्या माहितीपुस्तिका, भाषांतराच्या फायली, सगळं. माध्यमिक शाळा तिसऱ्या वर्षाला सुटली, पण ही डिस्क नाही सुटली. तिच्यात काहीही शोधता यावं म्हणून त्याने स्वतःची सोय करून ठेवली होती, आणि तिला कोणी नावं ठेवली तर त्याला चालत नसे.

ती ओळ त्याने रेडिओच्या प्रोग्रामच्या कोडमध्ये शोधली. काहीच नाही.

बाई म्हणाल्या, सापडणार कशी, कोड इंग्रजीत आहे आणि ही ओळ स्पॅनिश. आधी भाषांतराच्या फायलीत बघ, तिथे मूळ इंग्रजी वाक्य मिळेल, मग ते कोडमध्ये शोध. एवढंही कळत नाही का. एडिसनला ते कळत होतं. घाईत विसरला होता, म्हणून त्याला जास्तच राग आला. बाईंना हे माहीत असणारच; शाळेतून निवृत्त झाल्यापासून बारा वर्षं त्या फुकटात असल्याच प्रोग्रामांची भाषांतरं करत होत्या. रोज सकाळी बिस्कोचोचे गोड पाव खाता खाता वीस ओळी.

भाषांतराच्या फायलीतही ओळ नव्हती.

“म्हणजे ही ओळ या प्रोग्रामची नाहीच,” एडिसन म्हणाला. “याच्या पोटात आणखी पन्नास प्रोग्राम आहेत. त्यातला कुठलातरी बोलतोय.”

“मग सगळ्यांत शोध.”

“चार हजारांत? वेळ लागेल.”

“मागच्या रविवारी पंचेचाळीस मिनिटं होती ना तुझ्याकडे.”

हे त्याला झोंबलं. त्याने सगळ्या डिस्कवर शोध लावला आणि हाताची घडी घालून बसला. बाईंनी मातेत पाणी ओतून त्याच्यापुढे धरलं. त्याने घेतलं. भांडण कितीही असो, पुढे आलेलं माते तो परत करत नसे.

तोवर बाईंचं तोंड सुरूच. म्हणे, ओळ लिहिणारा कोण गाढव असेल. दुसऱ्या कामात आहे म्हणजे कुठल्या? धीर धरावा म्हणजे किती? माणसाने वाचून करायचं काय? आम्ही तरी असली कामं करत नाही. त्यांच्या भाषांतरकारांच्या गटात तर म्हणे अशी ओळ त्यांनी दारातूनच परत पाठवली असती.

सव्वातीनला स्क्रीनवर एक उत्तर आलं. एकच. ध्वनी वाटून देणारा एक छोटासा प्रकल्प, नावही कोणी ऐकलेलं नाही. भाषांतराची फाइल एडिसनने उघडली. वर, जिथे शेवटच्या भाषांतरकाराचं नाव असतं, तिथे त्याची नजर आधी गेली. त्याची नजर नको तिथे आधीच जायची.

त्याने ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाला, “बाई, वाचा. उजेड मोकळा केलाय.”

बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. नेलिदा इतुरबिदे, अकरा वर्षांपूर्वीचा मार्च महिना. त्यांचंच नाव, त्यांचाच पत्ता.

त्यांनी काखेतला थर्मास टेबलावर ठेवला. एडिसनच्या जिभेवर गाढव हा शब्द अगदी टोकाला येऊन उभा होता. पण बाईंचा चेहरा बघून त्याने तो गिळला, आणि शेजारचं मूळ इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचून त्याचा अर्थ लावला: साधन दुसऱ्या प्रोग्रामने अडवून ठेवलंय, आधी तो बंद करा. त्या वाक्याचा माग काढत तो कोडमध्ये शिरला. तिथे लिहिणाऱ्याने स्वतःसाठी टिपून ठेवलं होतं की हे आपोआप कधीच सुटत नाही.

“मला तो हुकूम वाटला रे,” बाई हळू म्हणाल्या. “समोरचा आधीच टेकीला आलेला असणार. त्याच्या घरात जाऊन बंद करा म्हणून कसं ओरडायचं? म्हटलं, जरा गोड लिहू.”

“गोड लिहिलंत. मी दोन रविवार हात जोडून बसलो.”

“तू कधी कुणाचं ऐकून थांबला नाहीस. आणि माझंच वाक्य बरं ऐकलंस.”

एडिसनला हसू आलं. आलं ते आलंच, मग बाईंनाही आवरेना, माते सांडलं.

माहितीपुस्तिकेत शोधलं तर साधन कोणी अडवलंय ते दाखवणारी आज्ञा तिथेच होती. ती दिली, आणि आता पाळी एडिसनची होती. अडवणारा होता आवाज साठवून ठेवणारा प्रोग्राम. शुक्रवारचा रेडिओवरचा बिंगो ज्यांना त्या वेळी ऐकता येत नाही त्यांच्यासाठी तो त्यानेच तीन आठवड्यांपूर्वी बसवला होता. कम्प्युटर चालू झाला की आपण होऊन उठेल, अशी खास सोय करून. म्हणून तर तीनदा बंद-चालू करूनही तो तीनदा पुन्हा तिथेच येऊन बसला होता.

“कोणी बसवला हा?” बाईंनी अगदी साळसूदपणे विचारलं.

“बंद करतोय ना.”

“नाही, मी आपलं नाव विचारलं.”

त्याने तो बंद केला, उठायची सोयही काढून टाकली. ओळ गेली. स्पीकरमधून आधी वारा आला, मग शिट्टी, मग लांबून पोरांचा गोंगाट, आणि मग अगदी जवळून सुल्माचा आवाज: कोणी ऐकतंय का, की मी आजही गवताशी बोलतेय?

“ऐकतोय,” एडिसन इकडच्या माइकमध्ये म्हणाला. “सगळी वस्ती ऐकेल.”

पलीकडे ती हसली. म्हणाली, मग लवकर ये, मला इथून समोरच्यांच्या पाठीवरचे आकडे दिसत नाहीत, डोळे तुझे हवेत.

तीन चाळीस. मोटरसायकलवरून दहा मिनिटं. त्याने हेल्मेट उचललं. बाई तोवर त्याच्या खुर्चीत बसल्याही होत्या. ती फाइल त्यांनी उघडली होती आणि अकरा वर्षांची ओळ खोडून नवी लिहिली होती. उद्या प्रकल्पाकडे पाठवते म्हणाल्या, जगात आणखी किती जण धीर धरून बसले असतील कोण जाणे. त्याआधी तू एकदा नजर टाक, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही.

“सोमवारी बघतो, बाई,” दारातून एडिसन म्हणाला. “आता मला निघायलाच हवं.”