सावली दक्षिणेला का वळली

भर उन्हात मैदानावर माणूस मावत नव्हतं. मधोमध शेंदूर फासलेला वीस फुटी खांब आणि त्याच्या उत्तरेला भगवा मंडप, मंडपात सावलीबाबा. आठवड्यापूर्वी दुपारी या खांबानं आपली सावली गिळली होती, हे गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं. दुपारची सावली उत्तरेला पडते, हे इथल्या शेळ्यांनाही ठाऊक. त्या भिंतीच्या त्याच अंगाला बसतात. पण आता ती दक्षिणेला वळली होती. काल चांगली वीतभर.

“जिकडं वळली छाया, तिकडं कोसळंल काया,” बाबा डोळे मिटून म्हणाले. “भूकंपानं पृथ्वी कलली, लेकरांनो. आता दक्षिणेची घरांची ओळ पोटात घेणार ती. तिथं शांतीचा मठ बांधावा लागंल.”

पृथ्वीला जी जागा गिळायची होती, नेमकी तीच बाबांना मठासाठी पसंत पडली होती. पण भ्यालेल्या माणसाला एवढं दिसत नाही.

लातूरच्या एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारा बालाजी एस.टी.तून उतरला, तो थेट घरी गेला. दक्षिणेच्या ओळीतलं त्यांचं घर कुलूपबंद होतं. भूकंपानंतर वसवलेल्या गावातलं, भिंतींत काँक्रीटच्या पट्ट्या घालून बांधलेलं पक्कं घर. आई कुठं गेली, हे त्याला शेजाऱ्यांनी सांगितलं.

शेतात ताडपत्रीखाली बहीण साक्षी झोपली होती. दहा दिवसांची बाळंतीण. बाळाचं अंग कढत होतं आणि ते रडायचंही थांबलं होतं.

“आई, घरी चला.”

“न्हाई रे बाबा,” केवळाबाई म्हणाल्या. “तुझी थोरली बहीण दगडाखाली गेली तवा मी बाहेर होते. आता कुणाला आत ठेवणार न्हाई.”

बालाजीला रागही आला आणि रडूही. या भीतीशी वाद घालता येत नाही, हे त्याला कळत होतं. तो स्वतः अजून दाराकडं पाय करून झोपायचा. त्यानं आईकडून किल्ली घेऊन घरातलं मुसळ काढलं, संगप्पा गवंड्याला ओळंबा घेऊन बोलावलं आणि मैदान गाठलं. गर्दीत त्याचे दोन विद्यार्थी हात जोडून उभे होते. पृथ्वीचा आस किती अंशांनी कललेला, या प्रश्नाला साडेतेवीसवर खूण करून दोघांनीही पैकीच्या पैकी गुण घेतले होते. सर आलेले पाहून त्यांनी हात खाली घेतले.

बालाजीनं मंडपाच्या मागं, उत्तरेला, मुसळ रोवलं. संगप्पानं ओळंबा लावून ते सरळ केलं. बरोबर मध्यान्ह झाली. मुसळाची दोन बोटं सावली दक्षिणेला पडली, नेमकी मंडपाकडं.

“बाबा,” बालाजी म्हणाला, “सावली तुमच्याकडं वळली. मंडप रिकामा करा.”

कुणीतरी हसलं. बाबांनी डोळे उघडले. “त्या मुसळात दैवी शक्ती न्हाई.”

“मग सावली वळली कशी? विजेच्या खांबाची बघा. हापशाची बघा.”

माणसं पांगली, पाहू लागली. सगळ्या सावल्या दक्षिणेलाच होत्या.

“आमच्या मावशीच्या गावी, बीदरच्या अलीकडं, खांबानं असंच सावली गिळली म्हणून ऐकलं होतं,” संगप्पा आठवत म्हणाला. “इथल्या आधी दोन-तीन दिवस.”

“बरोबर,” बालाजी म्हणाला. “सूर्य उत्तरेकडं सरकतो, तसा हा खेळ गावागावानं वर येतो. बाबा त्याच्यासंगं चालतात.”

बालाजीनं एका कांद्यात दाभण आरपार खुपसलं आणि ते तिरपं धरलं. कांदा झाला पृथ्वी, हापसा झाला सूर्य. त्याच्याभोवती फिरताना त्यानं दाभणाचं टोक सतत पाण्याच्या टाकीकडंच कललेलं ठेवलं.

“पृथ्वी भूकंपानं कलली न्हाई. ती अशी कललेलीच फिरते, आपल्या खापरपणज्याच्याही आधीपासून. या बाजूला आली की आपला भाग सूर्याकडं झुकतो. दिवस मोठा, ऊन सरळ डोक्यावर, म्हणून उन्हाळा. मेच्या मध्याला सूर्य बरोबर माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते. मग तो थोडा उत्तरेला जातो आणि सावली दक्षिणेला पडते. पलीकडं गेलो की आपण मागं झुकतो. ऊन तिरपं, दिवस लहान, म्हणून थंडी. श्रावणाच्या सुमाराला ही सावली पुन्हा उत्तरेला जाईल. बाबा असोत नसोत.”

बाबांचा चेला मंडपाच्या दोऱ्या सोडू लागला होता.

लेकाच्या मागोमाग मैदानावर आलेल्या केवळाबाई गर्दीतून पुढं आल्या. “म्हणजे आता भूकंप होणार न्हाई?”

सगळे त्याच्याकडं पाहू लागले. हो म्हणणं सोपं होतं. बाबाही असंच सोपं उत्तर देत होते.

“ते मला सांगता येत न्हाई, आई. कुणालाच येत न्हाई. जो सांगतो तो खोटं बोलतो. भूकंपासाठी मजबूत घर बांधतात. ते आपण बांधलंय. पण दहा दिवसांचं लेकरू या उन्हात ठेवलं तर काय होतं, ते मला सांगता येतं.”

केवळाबाई मागं फिरल्या. शेताकडं निघाल्या, चालता चालता धावू लागल्या. साक्षीला आणि बाळाला घेऊन घरी आल्यावर त्यांनी बाळाला साक्षीच्या पदराखाली दिलं, त्याच्या अंगावरून ओलं फडकं फिरवलं, आणि उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसल्या. छताकडं बघत राहिल्या, पण बाहेर आल्या नाहीत. बऱ्याच वेळानं बाळ मोठ्यानं रडलं.

वाचकहो, भीती वाटली तर लाजू नका, ती सगळ्यांनाच वाटते. पण कुणी तुमच्या भीतीचा अर्थ सांगू लागला, तर आधी आपल्या अंगणात एक मुसळ रोवून पाहा.