ऐतखाऊ शिकारी

चार वाजता मॅडम येणार होत्या आणि सकाळपासून माझ्या एकाही शिकाऱ्याने शिकार केली नव्हती.

शिकारी म्हणजे मातीतले जिवाणू. कळपाने सरकत जातात, दुसऱ्या जातीच्या जिवाणूला गाठतात, अंगाला अंग भिडवतात आणि दहा मिनिटांत समोरचा फुगून फुटतो. मग त्याच्यावर ताव मारतात. तीन वर्षं मी हेच बघतेय. आई पाहुण्यांना सांगते की पोरगी किडे पाळते. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय, किडे निदान डोळ्यांना तरी दिसतात.

मागच्या आठवड्यात मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, स्वतः बघितलं. शिकारी सावजाला घासून पुढे निघून गेले. आठवड्याने पुन्हा बघू, शिकाऱ्यांचा वाणच बिघडला असेल तर तो नष्ट करायचा आणि माझा प्रबंधही तिथेच थांबवायचा, असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. मॅडम शांत झाल्या की मला धडकी भरते.

चूक कुठे झाली ते मला त्याच क्षणी कळलं होतं. वाण सांभाळायचं काम प्रयोगशाळेतल्या काकांचं. दर सोमवारी थोडे शिकारी अन्न नसलेल्या प्लेटवर ठेवायचे आणि शेजारी जिवंत सावज द्यायचं, ही त्यांची तीस वर्षांची रीत. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते रजेवर गेले तेव्हा काम माझ्याकडे आलं. मला भरपूर जिवाणू हवे होते, म्हणून मी त्यांना घट्ट, पौष्टिक रसात सोडलं. दोन दिवसांत फ्लास्क गच्च. परत आल्यावर काकांनी फ्लास्क उजेडात धरला आणि यांना उपास घडवा, असं सांगितलं. मी हसण्यावारी नेलं. शहाणपणाची मक्तेदारी माझ्याकडेच होती ना! अकरा महिने तोच आयता रस, शिकारीची गरजच उरली नाही. गोठवलेला राखीव साठासुद्धा मी त्याच फ्लास्कमधून भरला.

आज माझ्यासमोर तीस प्लेटा होत्या, प्रत्येकीवर फ्लास्कमधले थोडे शिकारी आणि जिवंत सावज. प्रत्येकीला सूक्ष्मदर्शकाखाली दहा मिनिटं, साडेदहापासून. जेवले नाही. विसाव्या प्लेटला मान धरली. पंचविसाव्या प्लेटवर एक कळप थेट सावजाकडे निघाला आणि बाजूने वळून गेला. मी मेजावर मूठ आपटली. काकांनी शेजारी पाण्याचा ग्लास ठेवला.

एकोणतिसाव्या प्लेटवर चौघे एका सावजाला भिडले. मी मिनिटं मोजत राहिले. सातव्या मिनिटाला सावज फुगलं, आठव्याला फुटलं. मला रडू कोसळलं. सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा चालू होता.

तिसाव्या प्लेटवर काहीच घडलं नाही.

काका माझ्या खांद्यामागे उभे होते. हळूच म्हणाले, "ताई, एवढंच दाखवा. बाकीचं कोण विचारतंय?"

मॅडमनी ती फीत दोनदा पाहिली. त्यांचा चेहरा सैल झाला. "म्हणजे वाण शाबूत आहे."

हो म्हटलं असतं तर तिथेच सुटले असते.

"तीस प्लेटांतली एकच," मी म्हणाले. "बाकीचे मी ऐतखाऊ करून ठेवले. काकांनी बजावलं होतं, मी ऐकलं नाही. या वर्षाच्या सगळ्या नोंदी त्याच फ्लास्कमधल्या आहेत."

मॅडमनी फीत थांबवून एकोणतिसावी प्लेट पुढे ओढली. काका खाली बघत होते.

"त्या एका प्लेटवरून पुन्हा सुरू करायचं," त्या शेवटी म्हणाल्या. "निदान दोन वर्षं जातील. जमेल?"

"जमवते."

"मग बाकीचं आधी संपव. फ्लास्क, साठा, सगळं."

एकोणतीस प्लेटा, गोठवलेला साठा आणि गच्च भरलेला तो फ्लास्क मी ऑटोक्लेव्हमध्ये, जिवाणू मारणाऱ्या वाफेच्या भांड्यात, ठेवला. काका पुढे झाले, पण मी त्यांना थांबवलं. या शिकाऱ्यांना खाऊपिऊ मी घातलं होतं. झाकण आवळून बटण मीच दाबलं.