दारात ठेवलेला डावा बूट

मी डावा बूट बोलतोय. उजवाही माझ्या शेजारीच आहे, पण तो मुळात अबोल आणि, खरं सांगायचं तर, थोडा आळशी. आम्ही दोघं विमानात बसून स्कॉटलंडला जाऊन आलोय, तिथले जुने, देखणे किल्ले बघायला. त्यातल्या दोन किल्ल्यांची मला फक्त दारं ठाऊक आहेत. तिसरा मात्र मी आतून पाहिला. तो कसा, हेच आज सांगायला बसलोय.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते महाडच्या बाजारपेठेतलं इस्माईलभाईंचं दुकान. वरच्या फळीवर खोक्यात मी दोन पावसाळे काढले. मी दहा नंबरचा, रुंद, जाड तळव्याचा. गिऱ्हाइकं मला हातात घेत, उलटा करून बघत आणि शेवटी साधी चप्पल घेऊन जात. बूट म्हणून माझी काही फार चलती नव्हती.

मग एके दिवशी महिपत आला. रायगडाखालच्या वाडीतला माणूस. चाळीस वर्षं त्यानं गडावर डोली वाहिली. डोली म्हणजे बांबूला बांधलेली खुर्ची. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांना तीत बसवायचं आणि चौघांनी खांद्यावर घेऊन वर न्यायचं. त्याच्या पायाला जन्मात बूट लागला नव्हता. पण त्याची लेक ज्योती ग्लासगोच्या दवाखान्यात नर्स आहे. तिनं त्याला बोलावलं होतं आणि फोनवर बजावलं होतं, की आधी चांगले बूट घ्या.

इस्माईलभाईंनी स्वतः खाली बसून मला त्याच्या पायात चढवलं. ते म्हणाले, "महिपतदादा, मी दहा वर्षं कुवेतला काढली. तिथं उन्हानं पाय भाजायचे, तुमचे तिकडं थंडीनं भाजतील. विमानतळावर काढायला लावतील तेवढं काढा. बाकी घरी येईपर्यंत हे पायातनं काढायचे नाय."

"नाय काढत," महिपत म्हणाला आणि त्यानं माझी नाडी बांधली. बांधली ती डोलीची गाठ. बांबूला खुर्ची बांधतात तीच, जी माणसाच्या वजनानंही सुटत नाही. मुंबईच्या विमानतळावर ती सोडवताना मागची रांग चांगलीच लांबली. महिपत मात्र शांतपणे खाली बसून एकेक पीळ उलगडत होता.

पहिला किल्ला एडिंबऱ्याचा. शहराच्या मधोमध काळा कातळ आणि त्याच्यावर ऐसपैस बसलेला किल्ला. महिपत खालून बराच वेळ बघत राहिला. "चौघांना जड जाईल," एवढंच म्हणाला. मला वाटलं, आता आपण रुबाबात आत जाणार. पण दरवाजाशी पोचताच तो मटकन खाली बसला आणि माझी गाठ सोडायला लागला.

"आबा, काय करताय?" ज्योतीनं विचारलं.

"गडाचं दार हाय गो."

त्याच्या बापानं घालून दिलेली रीत होती. रायगडावर महादरवाजाशी वहाणा काढायच्या आणि पुढं अनवाणी जायचं, मग खांद्यावर डोली असो वा नसो. ती रीत तो तिथंही घेऊन गेला होता. ज्योती इकडंतिकडं बघत राहिली आणि तोवर तो नुसत्या मोज्यांवर आत गेलासुद्धा. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे. येणारेजाणारे आमचे फोटो काढत होते. पिवळ्या जाकिटातला एक पहारेकरी आमच्याभोवती दोनदा फिरला आणि वाकून आमच्या पोटात डोकावला. आपल्यावर कसला संशय येतोय, हे मला कळत होतं, म्हणून मी होता होईल तेवढा गरीब चेहरा केला.

महिपत परतला तेव्हा मोजे चिंब झाले होते आणि डाव्या अंगठ्यातून रक्त येत होतं. दगड थंडगार होते, त्यामुळे कापलेलं त्याला कळलंही नव्हतं. ज्योतीनं तिथंच बसून जखम बांधली. तिचे हात सराईत होते.

"आबा, शुगर हाय तुम्हाला. मी रोज असले पाय बघते. एकदा चिघळलं की बोट काढावं लागतं. उद्यापासनं बूट घालूनच आत जायचं."

"घालून नाय जायचा मी."

"हा काय आपला गड हाय काय?"

"गड तो गड. कुणाचा का असंना. कुणीतरी बांधलाय, कुणीतरी त्याच्यासाठी मेलंय." आवाज न चढवता तो पुढं म्हणाला, "तू म्हणतेस तर बूट नाय काढत. पण मग दारातच बसतो."

आणि तो खरोखरच बसला. दुसरा किल्ला स्टर्लिंगचा. उंच टेकाडावर, खाली सगळं हिरवं खोरं. महिपत बाहेरच्या बाकावर, आम्ही त्याच्या पायात. "तू बघून ये, मी हाय हितं," त्यानं लेकीला सांगितलं. ती गेली आणि वीस मिनिटांत परत आली. काय बघितलं, हे त्यानं विचारल्यावर तिला नीट सांगता येईना.

मला फार वाईट वाटलं. ज्योती लहान असल्यापासून तिनं बापाला गडावर जाताना पाहिलं होतं ते दुसऱ्यांना घेऊन. त्याच्या खांद्यावर काही नसताना एक तरी गड त्याला दाखवायचा, म्हणून ती दोन वर्षं रजा साठवत होती. आणि मी पायात होतो म्हणून तो दाराबाहेर होता. बूट झाला म्हणून काय झालं, असल्या गोष्टी लागतात मनाला.

शेवटच्या दिवशी आम्ही तिसऱ्या किल्ल्याला गेलो. त्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. तळ्याच्या पाण्यात उभा असलेला लहानसा किल्ला, काठापासून दारापर्यंत दगडी पूल. असा सुंदर, की पुलाशी आल्यावर महिपतही थबकला. मग सवयीनं त्यानं बसायला दगड शोधला. ज्योती तिकीट काढायला गेली. परत आली ती चाकाची खुर्ची ढकलत.

"आबा, एक सांगा. डोलीतली माणसं महादरवाजाशी चपला काढायची काय?"

महिपतनं विचार केला. "नाय."

"का नाय?"

"त्यांचे पाय गडाला लागतच नायत, मग..." एवढं बोलून त्यानं खुर्चीकडं बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं. "मी नाय बसायचा. सगळी माझ्या खांद्यावर बसून गेली, मी कुणाच्या जिवावर नाय बसलो."

"मी बसलेय की तुमच्या. रिकामी डोली खाली आणताना मला तीत बसवायचात, आठवतंय? आता माझी पाळी. बसा."

तो बसला. आम्हाला त्यानं पायठेवणीवर अगदी बेतानं ठेवलं, वाकून बघितलं, आमची टोकं खाली लोंबत नाहीत ना. मग माझी नाडी सोडली आणि पुन्हा डोलीची गाठ घातली, घट्ट.

आणि मी दाराच्या आत गेलो. काय सांगू तुम्हाला. फरसबंद चौक, माणूस उभा मावेल एवढी चूल, भिंतीवर जुने भाले, छताला काळेभोर वासे, आणि प्रत्येक खिडकीत तळ्याचं पाणी. ज्योतीला धाप लागली होती आणि महिपत बसल्या जागेवरून तिला शिकवत होता, "डावीकडं धर गो. तो दगड हलतोय. घाई करू नको, चाल एक ठेव."

दिवाणखान्याच्या तोंडाशी तीन पायऱ्या होत्या. तिथली एक म्हातारीशी राखणदारीण पुढं आली आणि तिनं खुर्ची पुढून धरली, ज्योतीनं मागून. महिपतनं डोलीवाल्यांचा हाकारा दिला, "उचल, हां, सांभाळ, टेक." बाईला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण ती बरोबर ठोक्याला उचलत होती. वर पोचल्यावर तिनं महिपतला काहीतरी विचारलं. ज्योतीनं सांगितलं, की हे चाळीस वर्षं हेच काम करत होते. बाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग मान मागं टाकून महिपत छताकडं बघत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ज्योती, एवढ्या वेळा गड चढलो, पण असं वर कधी बघितलंच नव्हतं. नजर सारखी पायरीवर. पाय चुकला तर वरचा माणूस जायचा." ज्योतीनं खुर्ची तशीच धरून ठेवली आणि डोळे पुसले. घाई कुणालाच नव्हती.

आता आम्ही वाडीत असतो, दाराशेजारच्या फळीवर. अंगठ्याची जखम केव्हाच भरली. ज्योती मे महिन्यात आली तेव्हा महिपत म्हणाला, चल, आपला गड बघू. रोपवे होता, पण दोघं पायऱ्यांनी निघाले, रिकाम्या खांद्यांनी. महादरवाजाशी त्यानं आम्हाला काढलं. ज्योतीनं पिशवीतून जाड मोज्यांचे दोन जोड काढून पुढं केले. त्यानं ते मुकाट चढवले, बापलेकीची तेवढी तडजोड झाली आहे. मग ते वर गेले. ठरल्यासारखा दर दहा पायऱ्यांवर थांबून तो वर बघत होता, हे मला खालून दिसत होतं.

मला आता दारात थांबायचं काही वाटत नाही. आत काय असतं ते मी एकदा पाहिलंय. तेव्हा तुम्ही कधी गडावर आलात आणि महादरवाजाशी डोलीच्या गाठीच्या खुणा पडलेल्या नाड्यांचा तपकिरी जोड दिसला, तर तो बेवारस समजू नका, उचलून बाजूला ठेवू नका. आमचा माणूस गड बघायला गेलाय. सावकाश येईल.