फाट्यावर थांबायचा नियम

आमच्या मोटारसायकल सहलींचा एक नियम आहे. फाटा आला की पुढच्याने थांबायचं आणि मागची गाडी आरशात दिसल्याशिवाय हलायचं नाही.

गेल्या वर्षी भावजी थांबले नाहीत. मागून येणारी ताई भलत्याच रस्त्याला लागली, खडीवरून घसरली आणि मोडका पाय घेऊन तीन तास घाटात पडून राहिली. भावजींनी मात्र घरीदारी सांगितलं, "मी थांबलो होतो. हिचंच लक्ष नव्हतं." ताई वर्षभर सासरचे टोमणे ऐकत राहिली.

यंदा भावजींच्या पुढे मी होते. तळ्याच्या वरच्या फाट्यावर मी वेगही कमी केला नाही. डावा रस्ता अकरा किलोमीटरवर धरणाच्या बंद फाटकाशी संपतो आणि तो सपाट आहे, हे मी नकाशावर आधीच पाहून ठेवलं होतं.

आम्ही तळ्याकाठी चहा घेत होतो, तेव्हा भावजी तासभर उशिरा पोचले. ताई सामानाच्या जीपमधून आधीच आली होती.

"थांबली का नाहीस गं?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"थांबले होते की. तुमचंच लक्ष नव्हतं, भावजी."

"साफ खोटं. पुढचा थांबला नाही तर मागचा चुकणारच. त्यात माझा काय दोष?"

ताईने कप खाली ठेवला आणि फोन काढला.

"हेच आता सासूबाईंना सांगा," ती म्हणाली. "मी लावून देते."